लग्न एकदाच, झेरॉक्स रोज

"मॅडम, मधलं नाव अजून वडिलांचंच?" काउंटरवरचे काका चष्म्यावरून बघत विचारतात. अहो, वडिलांचंच असणार! लग्नानंतर बायकोनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा कुठंय? पण जॉइंट खात्याच्या फॉर्मवरून हे बोलायला गेलं की मागची रांग उसासे टाकते.

आणि जे खरंच सांगायला हवं, ते कुणी सांगत नाही. पीएफला लग्नाआधी आईला नॉमिनी केलं असेल, तर लग्न झालं की ते नॉमिनेशन रद्द. नव्यानं भरावं लागतं. हे सांगायला एक नातेवाईक पुढे आला नाही. "गोड बातमी कधी?" विचारायला मात्र अख्खी पंचवटी हजर!

विवाह नोंदणीला तीन साक्षीदार. म्हणजे सातपूरच्या कंपनीतून कुणाला तरी हाफ डे टाकायला लावा. वर गुरुजींची सही. आमचे गुरुजी कायम त्र्यंबकला, नारायण नागबळीत. फोन उचलतील तर शपथ! पत्रिकेवर आत्यानं हौसेनं माझं लाडाचं नाव छापलंय, आधारवर वेगळंच. आता त्याचं अ‍ॅफिडेव्हिट करा म्हणे.

नवऱ्याचं काय बदललं? एक अक्षर नाही. सोफ्यावरून विचारतो, "झालं का गं तुझं काम?"

तुझं म्हणे!