सिनेट शोभेची नाहीये हो
एका लेखात म्हटलंय की मुंबई विद्यापीठाची सिनेट, म्हणजे आपली अधिसभा, जी विद्यापीठाच्या कारभारावर चर्चा करते, ती नुसती शोभेची आहे, ते नाही पटलं. १८५७ पासूनची युनिव्हर्सिटी आहे, राज्यपाल कुलपती असतात, व्हीसी म्हणजे कुलगुरूही तेच नेमतात, मग २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात सिनेटवर निवडून जायला पदवीधरांना १० जागा ठेवल्यात त्याही सोडायच्या का? बजेटवर चर्चा तिथेच होते ना. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, मागच्या वेळी सिनेटच्या मतदार यादीत नाव नोंदवायला डिग्रीची झेरॉक्स शोधत बसले, लग्नाच्या अल्बमखाली सापडली एकदाची, पिवळी पडलेली. आमच्या बिल्डिंगमध्ये निदान वीस तरी ग्रॅज्युएट असतील पण नोंदणी केलेली मी एकटीच, आणि मग विद्यापीठाच्या इथल्या बाळकुमच्या उपकेंद्राबद्दल कोण विचारणार तिथे? पुढची नोंदणी निघाली की मी स्वतः दारोदार फॉर्म घेऊन फिरणार आहे.