सक्तीची सैन्यभरती आणि ‘एकमुखी देश’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

युद्धकाळातील सक्तीच्या सैन्यभरतीविषयी एक लांबलचक संदेश गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्यापर्यंतही तो आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. मात्र माझ्या पुतणीने वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेल्या भाषणात त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद उतरवले आणि भरतीला विरोध करणाऱ्यांना ‘शत्रूचे पगारी’ म्हणणारे वाक्य ठळक अक्षरांत घेतले, हे पाहिल्यावर मला गप्प राहणे जमले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. युद्ध पेटले की खंबीर देशात सक्तीच्या भरतीला सगळी जनता एकमुखाने पाठिंबा देते, फूट पडते ती दुबळ्या देशांत. विरोध करणारे भित्रे किंवा शत्रूचे पगारी असतात आणि आघाडीवरचा सैनिक त्यांचा तिरस्कार करतो. सक्तीमुळे राजा आणि रंक एकाच रांगेत उभे राहतात. शेवटचा दावा असा की स्वेच्छेने आलेल्यांच्या बळावर मोठे युद्ध कधी लढता आलेले नाही.

पहिल्या दाव्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६३ च्या मार्चमध्ये भरतीचा कायदा झाला आणि जुलैमध्ये न्यू यॉर्कमध्ये चिठ्ठ्या काढायला सुरुवात होताच शहर चार दिवस दंगलीत होरपळले. शंभराहून अधिक माणसे मेली, आणि जमावाने आपला राग काढला तो कृष्णवर्णीयांवर. त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रमसुद्धा जाळला गेला. पहिल्या महायुद्धात कॅनडात १९१७ च्या भरतीच्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांमध्ये उभी फूट पाडली, आणि १९१८ च्या ईस्टरमध्ये क्वेबेक शहरात सैनिकांच्या गोळीबारात चार नागरिक ठार झाले. त्याच वर्षी ब्रिटनने आयर्लंडला भरती लागू करायचे ठरवले, तेव्हा तिथले कॅथलिक बिशप, कामगार संघटना आणि एरवी एकमेकांशी भांडणारे राष्ट्रवादी पक्ष एकत्र आले आणि तो निर्णय कधीच अमलात आला नाही. ज्या युद्धांच्या काळात ही फूट पडली, ती युद्धे अमेरिकेच्या संघराज्याने, कॅनडाने आणि ब्रिटनने जिंकलेली आहेत. त्यामुळे फूट म्हणजे दुबळेपणा हे समीकरणच चुकीचे आहे.

दुसरा दावा मात्र नुसता चुकीचा नाही, तो विखारी आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. या प्रश्नावर भर युद्धात थेट जनतेचे मत घेतले गेल्याचे सर्वांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. देशाच्या भूमीच्या रक्षणासाठी नागरिकांवर सक्ती करण्याचा अधिकार तिथल्या सरकारला आधीपासूनच होता. तोच अधिकार देशाबाहेरच्या लढाईसाठीही मिळावा का, एवढाच प्रश्न पंतप्रधान बिली ह्यूज यांनी २८ ऑक्टोबर १९१६ रोजी मतदारांपुढे ठेवला. बाजूने १०,८७,५५७ मते पडली आणि विरोधात ११,६०,०३३. ह्यूज यांचा मजूर पक्ष याच वादावरून फुटला. २० डिसेंबर १९१७ रोजी त्यांनी पुन्हा कौल घेतला, तेव्हा बाजूची मते १०,१५,१५९ पर्यंत खाली आली आणि विरोधातली ११,८१,७४७ पर्यंत वाढली. स्त्रियांना तिथे मताधिकार होता, त्यामुळे हा कौल ज्यांची मुले, भाऊ, नवरे आघाडीवर होते किंवा तिथे जाणार होते, त्या घरांचाही होता. या साऱ्यांना शत्रूचे पगारी म्हणायचे असेल, तर ऑस्ट्रेलियातील निम्म्याहून अधिक मतदारांना तसे म्हणावे लागेल.

‘आघाडीवरचा सैनिक त्यांचा तिरस्कार करतो’ या वाक्याचा निकालही याच मतमोजणीत लागतो, कारण परदेशी गेलेल्या सैनिकांची मते वेगळी मोजली गेली होती. १९१६ मध्ये ७२,३९९ सैनिकांनी सक्तीच्या बाजूने मत दिले आणि ५८,८९४ सैनिकांनी विरोधात. बहुमत सक्तीच्या बाजूने होते, हे मान्य केलेच पाहिजे, आणि संदेशात काही अर्धसत्य असेल तर ते एवढेच. पण विरोधातली मते सुमारे ४५ टक्के भरतात. ही माणसे स्वतःहून सैन्यात आलेली होती, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी नुकतीच फ्रान्समधील पोझिएरची लढाई पाहिली होती, जिथे जेमतेम सात आठवड्यांत सुमारे २३,००० ऑस्ट्रेलियन सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. जिथून आपण आलो तिथे दुसऱ्याला त्याच्या मनाविरुद्ध ढकलू नये, असे त्यांच्यापैकी कित्येकांना वाटत होते. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार घरात बसून संदेश पुढे ढकलणाऱ्या कोणालाही नाही.

ज्यांनी शस्त्र हाती घ्यायलाच नकार दिला, त्यांच्याविषयीही हेच सांगावे लागेल. ब्रिटनमध्ये १९१६ च्या जानेवारीत सक्तीचा कायदा झाला, पण त्यातच सद्सद्विवेकाच्या कारणावरून सूट मागण्याची तरतूद होती. सुमारे १६,००० जणांनी तशी भूमिका घेतली. त्यांतल्या कित्येकांनी आघाडीजवळ रुग्णवाहिका चालवल्या आणि स्ट्रेचर वाहिले. काहींची सूट नाकारून त्यांना फ्रान्सला नेण्यात आले, कारण तिथे हुकूम मोडणे हा देहदंडाचा गुन्हा होता. १९१६ च्या जूनमध्ये बूलोन्य इथे संचलनासाठी उभ्या केलेल्या तुकड्यांसमोर त्यांच्यापैकी एकेकाला पुढे बोलावून गोळ्या घालून ठार करण्याची शिक्षा वाचून दाखवली गेली, मग वाचणारा अधिकारी थांबला, आणि त्यानंतरच ती शिक्षा दहा वर्षांच्या सक्तमजुरीत बदलल्याचे त्याने सांगितले. अशी शिक्षा झालेले सुमारे ३५ जण होते. त्यांनी आधीच हुकूम मानला असता तर ही वेळ त्यांच्यावर आली नसती, तरी ते हटले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या डेस्मंड डॉस या वैद्यकीय सेवकाने बंदूक हाती धरली नाही, पण जपानच्या ओकिनावा बेटावरील कड्यावरून मागे राहिलेल्या डझनावारी जखमींना एकट्याने खाली उतरवले, आणि त्याला त्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. जीव वाचवण्यासाठी भरती चुकवणारेही प्रत्येक युद्धात होते, हे कोणी नाकारत नाही; पण मरणाची भीती वाटणे म्हणजे शत्रूला सामील होणे नव्हे.

राजा आणि रंक एका रांगेत उभे राहतात, हा तिसरा दावा कायद्याचा मजकूर वाचला तरी कोसळतो. १८६३ च्या ज्या अमेरिकी कायद्याचा उल्लेख वर आला, त्यात ३०० डॉलर भरून सुटका करून घेण्याची किंवा आपल्या जागी दुसरा माणूस पाठवण्याची उघड सोय होती. ३०० डॉलर ही तेव्हा कामगाराची जवळजवळ वर्षभराची कमाई होती, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनीही पैसे देऊन बदली माणूस पाठवला होता. व्हिएतनाम युद्धात पैशांची जागा महाविद्यालयाच्या प्रवेशाने घेतली: शिकणाऱ्याची भरती पुढे ढकलली जाई आणि ज्याला शिकणे परवडत नव्हते तो आधी जाई. हा अन्याय डोळ्यांवर येऊ लागल्यावर १९६९ च्या डिसेंबरपासून जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढण्यात आल्या, तरी विद्यार्थ्यांची सवलत आणखी काही काळ चालूच राहिली. इस्रायलमध्ये अतिसनातनी धर्मविद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलतीला कायद्याचा आधार उरलेला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी एकमताने दिला, आणि त्यावरून तो देश आजही भांडतो आहे. अनेक ठिकाणी लोकांचा राग सक्तीपेक्षा सक्तीतून सुटणाऱ्यांवर अधिक असतो.

चौथ्या दाव्यात तथ्य आहे, पण तो सांगितला आहे त्या रूपात नाही. पहिल्या महायुद्धात लाखो स्वयंसेवक मिळूनही ब्रिटनला सक्तीकडे वळावे लागले आणि दुसऱ्या महायुद्धात तर जवळपास सर्वच मोठ्या राष्ट्रांनी सक्ती केली. मात्र पहिल्या महायुद्धात परदेशी लढलेली ऑस्ट्रेलियाची फौज शेवटपर्यंत स्वयंसेवकांचीच राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धातील सुमारे २५ लाखांच्या भारतीय सैन्यातही सक्तीची भरती नव्हती, जरी गरिबीने तिथे अनेकांना ढकलले होते. युद्ध लांबले की स्वेच्छेने येणारे कमी होतात, ही खरी अडचण आहे, आणि ती आज युक्रेनमध्ये दिसते. २०२२ मध्ये तिथे भरती केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या; एप्रिल २०२४ मध्ये सरकारला भरतीचे किमान वय २७ वरून २५ वर आणावे लागले. त्याच वेळी संमत झालेल्या कायद्याच्या मसुद्यात ३६ महिन्यांच्या सेवेनंतर सैनिकाला मोकळे करण्याची तरतूद होती, ती अखेरच्या टप्प्यात वगळली गेली, आणि त्याविरुद्ध सैनिकांच्या घरचेच बोलू लागले. आक्रमणाचा प्रतिकार थांबवा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पहिल्या दिवसापासून लढणाऱ्या माणसाने परत कधी यायचे हे कायद्यात लिहा आणि त्याच्या जागी आता दुसऱ्याला पाठवा, असे त्या बायका आणि आया मागत होत्या.