‘बेरीज भागिले संख्या, विषय संपला’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या कोडिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच फॉरवर्ड आठवड्यात तीनदा आला. म्हणणं असं, की पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सरासरीसाठी ‘स्टॅटिस्टिक्स’ लायब्ररी (तयार कोडचा संच) घेणं हा निव्वळ आळस. बेरीज करा, लेनने, म्हणजे आकडे किती आहेत त्या संख्येने, भागा. लायब्ररी म्हणजे उगाच ओझं, वर ती मंद, आणि उत्तर शेवटी तेच.

ओझ्याचं आधी उरकतो. २०१४ पासून, म्हणजे ३.४ आवृत्तीपासून, ती पायथनसोबतच येते. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

मंद आहे हे मात्र कबूल. तिचं सरासरी काढणारं ‘मीन’ प्रत्येक आकड्याचा नेमका अपूर्णांक करून बेरीज करतं, त्यात वेळ जातो. लाखो आकडे असतील तर ‘एफमीन’ घ्या, ३.८ पासून आहे आणि बरंच चपळ आहे.

उत्तर तेच? ०.१ दहा वेळा घेऊन बघा. ३.११ वर पायथनच्या साध्या ‘सम’ने बेरीज येते ०.९९९९९९९९९९९९९९९९, आणि भागाकारही तसाच किंचित कमी. ‘मीन’ सरळ ०.१ देतं. ३.१२ मध्ये ‘सम’च सुधारलंय, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर हा फरक दिसणार नाही. क्लायंटच्या जुन्या सर्व्हरवर दिसेल.

हे झालं दशांशातलं. त्या फॉरवर्डमध्ये ‘सरासरी’ एकच असते असं धरलंय, तिथे माझं खरं भांडण आहे. मावसभावाला पुण्यात कर्वेनगरात फ्लॅट हवा होता. ‘दादा, भाडं साधारण किती?’ मी पाच जाहिराती उतरवल्या: १२, १३, १४, १५ हजार आणि एक बंगला, ६१ हजार. बेरीज भागिले पाच म्हणजे २३ हजार. त्या भाड्याचं तिथे एकही घर नाही, आणि पोरगं ऐकूनच गार झालं असतं. ‘मेडियन’ने, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने, १४ दिले.

कोथरूड ते हिंजवडी १५ किलोमीटर धरू. पहाटे ३०च्या वेगाने गेलात, संध्याकाळी १०ने रखडत आलात. सरासरी वेग २०? जाताना अर्धा तास, येताना दीड. दोन तासांत ३० किलोमीटर, म्हणजे १५. सारख्या अंतरांच्या वेगांची सरासरी काढणाऱ्या ‘हार्मोनिक मीन’ला ३० आणि १० दिले की तेच उत्तर मिळतं. लेनने भागणाऱ्याचा जाण्यायेण्याचा हिशोब रोज अर्ध्या तासाने चुकेल. (हिंजवडीत तो तसाही चुकतोच.)

लक्ष्मी रोडवरच्या चपलांच्या दुकानदाराला तर साधी सरासरी आणि ‘मेडियन’ दोन्ही निरुपयोगी. सरासरी माप ७.४ निघालं तर त्याने मागवायचं काय? त्याला ‘मोड’ हवा, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेलं माप. ७ आणि ८ सारखेच खपत असतील तर ‘मोड’ यादीत आधी आलेलं एकच माप सांगतो, दोन्ही हवी असतील तर ‘मल्टीमोड’.

लायब्ररी यातलं काहीही आपणहून निवडत नाही, हेही खरं. भाऊ म्हणाला, बंगला काढून टाक. उरले चार, आणि ‘मेडियन’ने मधल्या दोघांची सरासरी दिली, साडेतेरा हजार. तेवढ्या भाड्याचंही घर नव्हतंच. ‘मेडियन-लो’ १३ देतं, ‘मेडियन-हाय’ १४. मी त्याला १४ सांगितले. डिपॉझिट भरताना पोरगं कमी पडायला नको.