‘सीझनमध्ये रेशन बंद करा’ म्हणणाऱ्यांना

बागायतदारांच्या ग्रुपांवरून फिरत एक मेसेज आमच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी तो ‘शंभर टक्के खरं’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. म्हणणं असं: सरकार फुकट धान्य वाटतं म्हणून नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतली, पेठ-सुरगाण्याची माणसं आळशी झाली, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना मजूर मिळेना, तेव्हा ऑक्टोबर ते मार्च रेशन बंद करा. शेपटाला आणखी तीन गोष्टी: लाडक्या बहिणीने राज्य बुडवलं, दोन टक्के लोक टॅक्स भरतात नि बाकीचे बसून खातात, आणि पूर्वी असलं काही नव्हतं.

मामा, आधी रेशनचं बघा. ही मागणी खरंच कुणी मान्य केली, तर लहान पोरांच्या ताटातलं जाईल.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य आहे. दिवसाला 166 ग्रॅम. राबणाऱ्या माणसाचं धड एक जेवण. अतिगरिबांच्या अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे 35 किलो. तेल, डाळ, मीठ-मिरची, गॅस, औषधपाणी सगळं विकतच. आणि हे धान्य पूर्ण फुकट झालं जानेवारी 2023 पासून. त्याआधी तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 रुपये. पाच माणसांच्या घराला 25 किलो मिळतं. सगळा तांदूळ धरला तरी महिन्याला वाचले 75 रुपये. पंचाहत्तर रुपयांसाठी कोण अख्ख्या सीझनची मजुरी सोडेल?

मजूर का मिळत नाहीत हे बागेतच दिसतं. गोडी बहाराची, म्हणजे फळासाठीची छाटणी जवळपास सगळ्यांची सप्टेंबर-ऑक्टोबरच्या त्याच काही आठवड्यांत होते. पुढची कामं छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतात: काडीला पेस्ट लावणं, फेलफूट (जादा फुटवे) काढणं, शेंडा मारणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी (घडातले जादा मणी काढणं). विरळणीला तर थांबून चालतच नाही. मणी ज्वारीएवढे असताना कात्री घडात शिरते. हरभऱ्याएवढे झाले की घड दाटतो, कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागतं आणि एक्स्पोर्टचा घड लोकलला जातो. म्हणून एकाच आठवड्यात दहा बागांना मजुरांची तीच टोळी हवी असते. त्यातच ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे डोंगरात भात, नागली कापणीला आलेली असते. शिवाय नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखाने आणि शहरातली बांधकामं वर्षभर काम देतात. मागणी एकदम येते आणि माणसं तेवढीच असतात, यात रेशनचा संबंध कुठे आला?

फुकट मिळालं की माणूस काम सोडतो, हे तपासूनही झालंय. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात थेट पैसे देणाऱ्या योजनांची आकडेवारी एकत्र करून 2017 मध्ये निष्कर्ष छापला: लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा कुठेही सापडला नाही.

लाडक्या बहिणीच्या बाबतीत थोडं मान्य करावं लागेल. निवडणुकीच्या तोंडावर नीट पडताळणी न करता पैसे वाटले. 2025 मध्ये सरकारनेच सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र असल्याचं सांगितलं. 2025-26 च्या अर्थसंकल्पात योजनेला 36,000 कोटी, आणि राज्यावरचं कर्ज 9 लाख कोटींच्या वर. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी इकडे वळवला, हे तर संतापजनक आहे, कारण तो पैसा पेठ-सुरगाण्याच्याच पोरांचा होता. पण महिन्याला 1500 रुपये म्हणजे रोहयोच्या 2025-26 मधल्या 312 रुपये दराने पाच दिवसांचीही मजुरी नाही. तेवढ्यावर कोण बसून खातं?

दोन टक्क्यांचं गणित फक्त इन्कम टॅक्सचं. साबणावर जीएसटी आणि पेट्रोलवर व्हॅट मजूरही भरतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपयांना मिळते ती सरकार बाकीचे भरतं म्हणून, आणि साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल एप्रिल 2024 पासून माफ आहे. ते हवंच, पण मग दुसऱ्याच्या 5 किलोला भीक म्हणू नका.

‘पूर्वी नव्हतं’ हे तर साफ खोटं. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं याच राज्याने काढली, 1977 मध्ये कायदा केला, आणि त्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर लावला. पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात, तो हाच.

मजूर टिकवायचे असतील तर रेशन टोळीबरोबर येऊ द्या. कार्ड पेठचं असलं तरी निफाडकडच्या पिंपळगावच्या रेशन दुकानात कार्डाचा 12 अंकी नंबर आणि अंगठा दिला की धान्य मिळतं. घरचे थोडं तिकडे उचलू शकतात, उरलेलं इकडे. अडतं ते तीन ठिकाणी. ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) राहिलेल्याचं नाव बंद होतं. कामाने झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. महिनाअखेरीस गेलं तर दुकानात माल संपलेला असू शकतो. टोळी उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात मुकादमाकडून कार्डांचे नंबर घ्या आणि सगळ्यांची ई-केवायसी बघा. अंगठा लागत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवून ती होते. दुकानदाराने परत पाठवलं तर 1967 वर तक्रार करा.