मुद्देमालातला अर्धा लाडू

गेल्या शुक्रवारपासून मी शिक्षा झालेली बाई आहे. आठवी ‘ब’नं मला दोषी ठरवलंय, तेही माझ्याच तासाला.

‘भारतातील न्यायव्यवस्था’ हा धडा नुसता वाचून दाखवायचा नाही, वर्गात खटलाच चालवायचा, अशी मला हुक्की आली. खटलाही आयता मिळाला. मधल्या सुट्टीत एका मुलीच्या डब्यातल्या सहा बेसनाच्या लाडवांपैकी चार गेले होते. मागच्या बाकावरचा मुलगा आरोपी, मॉनिटर न्यायाधीश. दोन वकिलांना दोन काळे कोट, त्यातला एक कुणाच्या तरी वडिलांच्या लग्नातला. पंचनामा झाला: डबा स्टीलचा, झाकणाला पोचा, आत लाडू दोन. दोन पंचांच्या सह्या झाल्या आणि डबा मुद्देमाल म्हणून माझ्या कपाटात गेला.

यालाही तास मिळेना. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेलं शेपूट. गणिताचा पोर्शन राहिला की तास कुणाचा जातो? माझा. पोरांना मूलभूत हक्क शिकवायचे आणि स्वतःच्या तासावर हक्क नाही. सुनावणी दोनदा पुढे गेली ती न्यायालयीन दिरंगाईमुळे नव्हे, त्रिकोणमितीवर जीव असलेल्या आमच्या गणिताच्या सरांमुळे. आणि आठवीला त्रिकोणमिती नसतेच.

शेवटी शुक्रवारी कोर्ट बसलं. एकाला ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, हवं होतं, म्हणून मी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातलेल्या नौदल अधिकाऱ्याचा, नानावटीचा, खटला सांगितला. १९५९ साल, नऊपैकी आठ ज्युरींनी निर्दोष म्हटलं, मुंबई हायकोर्टानं तो निकाल फिरवला. पोरांचा प्रश्न एकच: “बाई, गोळ्या किती झाडल्या?” मी तीन म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. बाकी काहीही लिहून घेतलं नाही.

तेवढ्यात एका मुलाचे आजोबा विसरलेली पाण्याची बाटली द्यायला आले. धोतर, टोपी, हातात छत्री. “काय चाललंय?” म्हणाले. खटला म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती पाहून मी तिथंच दार लावायला हवं होतं. आजोबा कोर्टातले निवृत्त बेलिफ निघाले.

मॉनिटरनं डस्टर आपटून “ऑर्डर, ऑर्डर” केलं.

“हातोडा कुठनं आला?” मागच्या बाकावरून आजोबा. “चौतीस वर्षं कोर्टात काढली, हातोडा एकदाच बघितला. साहेबांची खुर्ची मोडली तेव्हा सुतार घेऊन आला होता.”

साक्षीदारानं गीतेवर हात ठेवला. गीता म्हणून मराठी व्याकरणाचं पुस्तक होतं.

“गीता शिनेमात. इथं देवाची शपथ घ्यायची. देव मानत नसलास तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा कर. आणि खिशातनं हात काढ.”

मग त्यांना पुकारा आठवला. तो राहिलाच कसा, म्हणत दारात जाऊन त्यांनी आरोपीच्या नावानं अशी हाळी दिली, की शेजारच्या सातवीतला त्याच नावाचा मुलगा दप्तर घेऊन हजर झाला. त्याला वाटलं, घरून न्यायला आलेत. परत जायला तयारच नव्हता.

वकिलानं सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला, “लाडू यानंच खाल्ला ना?” असं विचारलं, तर आजोबा कळवळले. “सूचक प्रश्न उलटतपासात, बाळा! बाई, तुम्ही शिकवलं नाही?”

नव्हतं शिकवलं. कारण पुस्तकात नाही, आणि मला बी.एड.ला फळ्यावर सरळ रेषेत कसं लिहायचं ते शिकवलं होतं.

“आरोपीचं वय काय?”

“तेरा,” मी म्हणाले.

“मग हे प्रकरण बाल न्याय मंडळापुढं. अठराच्या आतल्याला या कोर्टात उभं करता येत नाही.” ते वर्गभर नजर फिरवत थांबले. “इथं सज्ञान कोण हाय?”

बेचाळीस माना माझ्याकडं वळल्या. आजोबा स्वतः अठ्ठ्याहत्तरचे, पण ते कुणाला दिसले नाहीत.

त्यातच बचावाच्या वकिलानं मुद्देमाल मागितला. डबा उघडला. आत लाडू एक.

“पंचनाम्यात किती?”

“दोन.”

“कपाटाची किल्ली कुणाकडं?”

मी खरं सांगितलं. बुधवारी चार तास सलग होते, डबा खायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्यातला अर्धा लाडू खाल्ला. अर्धाच! उरलेला अर्धा गणिताच्या सरांनी. पण सहआरोपीच्या बोलण्याला दुसरा पुरावा लागतो म्हणे, आणि सर शेजारी नववीवर तास घेत होते. त्यांचा स्वतःचा.

“ही चोरी नव्हं,” आजोबा गंभीर झाले. “ताब्यात दिलेली वस्तू खाल्ली. फौजदारी विश्वासघात.”

मॉनिटरनं थोडा विचार केला. “आजोबा, चोरीचंच कलम लावू. बाई गृहपाठाला आपल्याला सोडतात कधीकधी.”

त्या ‘कधीकधी’वर सगळा वर्ग हसला. पुढचं मीच गेल्या आठवड्यात शिकवलं होतं, मोठ्या तोऱ्यात: नव्या भारतीय न्याय संहितेत पहिलाच गुन्हा आणि चोरीचा ऐवज पाच हजारांच्या आत असेल, तर ऐवज भरून दिल्यावर शिक्षा समाजसेवेची. इतकं लक्षपूर्वक ऐकलेलं यांनी वर्षभरात दुसरं काही नसेल. निकाल: पाच लाडू भरून द्यायचे आणि आठवडाभर वर्गाची कचराकुंडी ओतायची. मी अर्धा खाल्ला होता, पाच कसे? तर चार कुणी खाल्ले ते सिद्ध झालं नाही, म्हणून तेही माझ्या अंगावर. मूळ आरोपी टाळ्या वाजवत होता. त्याच्या शर्टावर बेसन होतं, मी शपथेवर सांगते.

मी अपील करणार म्हणाले. आजोबा एकदम खूश झाले. “करा की! पण आधी निकालाची नक्कल काढा. अर्ज द्या. मुदतीत करा बरं का.”

अर्ज सोमवारी दिला. वर्गाची कारकून म्हणजे दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी. मंगळवारी विचारलं, तर म्हणाली, कोर्ट फीचं तिकीट नाही लावलं. बुधवारी वहीच्या कागदावर तिकीट काढून चिकटवलं. आज कचराकुंडी ओतून येताना परत विचारलं. तिनं मान वर न करता सांगितलं, “बाई, आत्ता जेवणाची सुट्टी आहे. उद्या या.”