पुढचा चेंडू खेळला ना, मग कसलं कनकशन?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा तो वाद अजून मिटलेला नाही. जानेवारी २०२५ मधला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना. शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, त्याच्या जागी कनकशन बदली म्हणून, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूऐवजी, हर्षित राणा आला आणि तीन बळी घेऊन गेला. बदली खेळाडू त्याच प्रकारचा हवा, मग मुख्यतः फलंदाजी करणाऱ्या दुबेच्या जागी वेगवान गोलंदाज कसा, हा इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार जोस बटलरचा आक्षेप मला पटतो. पण माझा मावसभाऊ म्हणतो, "लागल्यावर पुढचा चेंडू खेळला ना? मग कसलं आलंय कनकशन?"

या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कनकशनमध्ये कवटी फुटावी लागत नाही. डोक्याला जोराचा हिसका बसला की आतला मेंदू हलतो, ताणला जातो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो. डोकेदुखी, गरगरणं, उजेड सहन न होणं, हे कधी काही तासांनी सुरू होतं, कधी दुसऱ्या दिवशी. आणि "हेल्मेट होतं की!" हेही उत्तर नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

इकडे अमेरिकेत, आमच्या वॉशिंग्टन राज्यात, २००९ पासून कायदाच आहे. नुसती शंका आली तरी मूल मैदानाबाहेर, आणि डॉक्टरांसारख्या तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळायचं नाही. २००६ मध्ये डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात पुन्हा उतरलेला एक तेरा वर्षांचा मुलगा मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळला होता, त्यावरून हा कायदा आला. आम्ही पालक दरवर्षी त्या कागदावर सही करतो. हे सगळं मी भावाला ऐकवलं होतं, वर "तुमच्याकडे अजून उठून खेळण्यातच शौर्य" असंही.

मार्चमध्ये लेकीच्या सॉकरच्या सामन्यात हेडरसाठी, म्हणजे चेंडू डोक्याने मारायला, ती आणि समोरची मुलगी एकदम उडाल्या आणि डोक्याला डोकं लागलं. ती खाली बसली. मी साइडलाइनवरून मराठीत ओरडले, "अगं ऊठ, काही नाही झालं!" ती उठली. कोचने विचारलं, शेवटचा गोल कुणी केला? तिने मागच्या आठवड्यातल्या सामन्याचं सांगितलं. त्याने तिला तिथेच बाहेर काढलं, आणि मी त्याच्याशी वाद घातला. घरी येताना गाडीत तिने मला तीनदा विचारलं, "आई, आपण जिंकलो का?"

डॉक्टरांनी बजावलं की उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली, झटके आले किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली तर थेट इमर्जन्सी. तसं काही झालं नाही. दोन दिवस आराम, मग थोडं चालणं, मग पळणं. एकेक पायरी, त्रास वाढला की एक पायरी मागे. चेंडू मात्र परवानगी मिळाल्यावरच. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो क्वचित जिवावरही बेततो, म्हणून ही सगळी सक्ती.

लेकीला मराठीतली थोडीच वाक्यं न अडखळता येतात. "काही नाही झालं" हे त्यातलं एक, माझ्याकडून शिकलेलं. त्या दिवशी डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे बघत तेच म्हटलं, मराठीत.

भावाला मी कायदा कळवला होता. हे कळवलेलं नाही.