28 वर्षांची उडी नेमकी कुठे चुकते

‘कॅलेंडर दर 28 वर्षांनी हुबेहूब परत येतं. इतिहासातल्या कुठल्याही तारखेत 28-28 मिळवत अलीकडे या आणि मोबाइलमध्ये वार बघा, कधीच चुकणार नाही. फक्त 1582च्या आधीचे वार सांगता येत नाहीत, कारण तेव्हा दहा दिवस गायब झाले.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. जुन्या कागदातली तारीख नीट वाचली का, हे तपासायला वार फार उपयोगी पडतो. तोच चुकीचा काढला तर बरोबर वाचलेली तारीखही चूक ठरते.

‘कधीच चुकणार नाही’ इथूनच सुरुवात करू. अपोलो 11 यान चंद्रावर उतरलं 20 जुलै 1969ला, रविवारी. 1997मध्येही 20 जुलैला रविवारच होता. अशा उदाहरणांमुळे विश्वास बसतो. आता फ्रेंच क्रांतीत पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडला तो 14 जुलै 1789 घ्या. आठ उड्यांत 2013 येतं आणि मोबाइल रविवार दाखवतो. प्रत्यक्षात तो मंगळवार होता. वाटेत 1800 आणि 1900 लागतात. शंभराने भाग जात असला तरी चारशेने जात नाही, म्हणून ती लीप वर्षं नाहीत. प्रत्येकामागे एक वार चुकतो. 2000 लीप होतं, त्यामुळे 1901 ते 2099 एवढ्यात 28चा हिशेब चालतो. खात्रीची उडी 400 वर्षांची: 1,46,097 दिवस, म्हणजे बरोबर 20,871 आठवडे.

पण तीही तारीख ग्रेगोरियन, म्हणजे 1582मध्ये सुरू झालेल्या आपल्या आजच्या कॅलेंडरची, असेल तरच. ब्रिटनने हे कॅलेंडर 1752मध्ये घेतलं, रशियाने 1918मध्ये. न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या तेव्हाच्या, म्हणजे जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे 25 डिसेंबर 1642, रविवार. तीच तारीख ग्रेगोरियन समजून मोजली तर गुरुवार येतो. तारीख कुठल्या देशातल्या कागदावरची आहे, हे आधी बघायलाच हवं.

राहिला 1582चा मुद्दा. जुन्या कॅलेंडरवरून नव्यावर जाताना तारखा गाळल्या, वार नाही. 4 ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर 15 ऑक्टोबरचा शुक्रवारच आला. उलट त्याआधीच्या ज्युलियन काळात दर चौथं वर्ष बिनअपवाद लीप, त्यामुळे 28चा नियम तिथेच अगदी चोख बसतो. कोलंबसला जमीन दिसली तो 12 ऑक्टोबर 1492 शुक्रवार होता, आणि 12 ऑक्टोबर 1520सुद्धा.